डावीकडून तिसरा

ग्रानेफोर्सच्या काचभट्टीचं आता संग्रहालय झालंय.
तिकीट दीडशे क्रोना, पेन्शनरला नव्वद.
पुरावा शोधायला बाबांनी तीन खिसे उलटे केले,
खिडकीतल्या मुलीनं नुसतं त्यांच्या हातांकडे पाहिलं
आणि चालेल म्हणाली.

आत ऊब आहे, पण हीटरची.
बाबा उंबऱ्यातच थबकले:
"इथे एवढी थंडी कधी नव्हती."

पहिल्या दालनात फुलदाण्या.
प्रत्येकीखाली चित्रकाराचं नाव, साल, पदक.
एक निळी, एक धुरकट,
एक तर गोठता गोठता पाण्यानं विचार बदलावा तशी.
बाबा त्यांच्यावरून नजर फिरवत गेले,
जसं लग्नातल्या वऱ्हाडाकडे पाहावं
ज्याचं जेवण आपण रांधलंय.

मग पेटीत एक फुंकणी. दीड मीटर, लोखंडी,
तोंडाकडचं टोक झिजून गुळगुळीत.
पाटी: हात लावू नये.
"ओठ लावू नयेत असं हवं," बाबा म्हणाले.
"एका नळीला चार तोंडं.
एकाला पडसं झालं की अख्ख्या भट्टीला."

चपट्या बाटलीच्या अंगात एक बुडबुडा होता,
तांदळाएवढा, तिरका.
मी म्हणाले, कुणाचा तरी श्वास, सत्तर वर्षं जपलेला.
"खुळी. चुनखडीचा वायू आहे तो.
घाई झाली की राहतो. असला माल मोडीत जायचा.
श्वास आत राहत नाही.
नळी तोडली की निघून जातो,
जागा तेवढी उरते."

जिन्याखाली, कुणी थांबत नाही तिथे, एक फोटो.
एकोणीसशे एकोणपन्नास. सात जण,
सगळ्यांचे डोळे उजेडानं बारीक झालेले.
खाली टंकलेलं: मिस्त्री लिंडब्लाड, फुंकणारा सेडेरग्रेन,
डावीकडून तिसरा, अज्ञात मुलगा.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
मुलीला हाक मारली. ती आली, छातीवर नाव: टूवा.
"हा अज्ञात नाही. एवर्ट आहे. माझा भाऊ.
तापलेला पेला काट्यावर घेऊन पळायचा
इथून त्या निववायच्या भट्टीपर्यंत, दिवसाला आठशे.
खारी हेरिंग भट्टीच्या तोंडाशी भाजून खायचा, शेपटीसकट.
सोळाव्या वर्षी म्हणाला, अमेरिकेला जातो.
त्याच हिवाळ्यात तळं ओलांडताना
बर्फ पातळ निघाला."

टूवानं पेन्सिल काढली.
"एवर्ट. शेवटी टी एक की दोन?"
"एक. दोन त्याला परवडले नसते."
"आणि तुम्ही यातले कोणते?"
"मी नाही यात.
मला बिअर आणायला पिटाळलं होतं."

तीन वाजता प्रात्यक्षिक.
गॅसची लहानशी भट्टी, दोरीअलीकडे बाकं,
शाळेचा एक वर्ग, उंचावलेले मोबाईल.
यॉर्डिस नावाची बाई, दंडावर गोंदलेला मासा,
नळीच्या टोकाला काकवीसारखा गोळा घेऊन फिरवते,
ओल्या वर्तमानपत्राच्या घडीनं त्याला थोपटते,
कालच्या बातम्यांचा धूर निघतो.
पोरं एका सुरात ओ करतात.
बाबा तिच्या गालांकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात.
"बरी आहे," माझ्या कानात.
याहून मोठी शाबासकी मला कधी मिळालेली नाही.

मग तिनं नळीवर हलकेच ठोकलं.
टक्.

बाबा उठले.
अठ्ठ्याऐंशी वर्षांचे गुडघे, काठी बाकालाच टेकलेली,
दोन्ही हात पुढे, तळवे अर्धे उघडे,
दोन पावलं, भरभर.
दोरी पोटाला लागली तेव्हा थांबले.

कुणी हसलं नाही.
पेला मदतनीस मुलानं नेला, आत ठेवला, झडप लावली.
बाबा उभेच,
झडप नीट लागलीय ना, बघत.

गाडीत पट्टा लावताना विचारतात,
"माझे किती घेतले तिनं?"
नव्वद.
बोटांवर हिशेब चालतो. स्प्रूसची झाडं मागे जात राहतात,
लाकूडतोडीचा एक ट्रक, बंद पडलेलं स्टेशन.
"एवर्टचे तीन आठवडे," म्हणतात.
बऱ्याच वेळानं,
"माझे चार."