खड्ड्यातून पाहिलेला नाच

तीस वर्षं मी रीगाच्या ऑपेरात टिंपनी वाजवली,
तांब्याचे चार नगारे.
वाजवणं थोडं, मोजणं फार.
एकशे अठरा आवर्तनं गप्प बसायचं,
मग दोन ठोके.
बायको म्हणायची, एवढ्याचा पगार देतात?

रंगमंच मला कधी दिसला नाही,
तो माझ्या डोक्यावर होता.
वर कुणी उडी मारून उतरलं
की कातड्यावर धूळ पडायची,
मैदा चाळावा तशी.
बॅले मी पाहिला तो
आरिया स्त्राउत्माने बाईंच्या खांद्यांवर.

पहिल्या दिवशी चेलोवाला विल्निस त्यांना म्हणाला,
"कपडेपट वरच्या मजल्यावर आहे, बाई."
"माहीत आहे. तिथूनच आले.
कोट बाहीला घट्ट होत होता."
आणि काडी उचलली.
विल्निसची पहिली नोट तेवढी उशिरा आली.
त्यानंतर कधीच नाही.

तिसऱ्या अंकात गुंडेगाची ती उडी.
मी पाहिली नाही, पण तिची लांबी मला पाठ होती:
काडी वर गेलेली, समेवर यायची बाकी,
तेवढ्या फटीत
एक माणूस हवेत.

वर्षं गेली. फट अरुंद होत गेली.
एक केस. मग दोन.
वर्तमानपत्रात छापून आलं,
तिसऱ्या अंकात वाद्यवृंद घाई करतो,
बाईंचा तोल सुटत चाललाय.
बाईंनी कात्रणाची घडी घातली
आणि डुगडुगणाऱ्या स्टँडच्या पायाखाली सरकवली.
चार हंगाम आम्ही त्या कात्रणावर वाजवलं.

गुंडेगाच्या डाव्या गुडघ्याचं आम्हाला कळलं
ती नाच सोडून गेल्यावर.
पाय जमिनीला लागलेत आणि सूर अजून वरच लटकलाय,
असं एकदाही होऊ दिलं नव्हतं बाईंनी.
गुंडेगाला तरी ते कळलं होतं का,
मी विचारलं नाही.

आता बाई लिएपायाला आहेत, वाऱ्याच्या गावी.
शाळेच्या खिडक्या रात्रभर खडखडतात.
सव्वीस मुलं, एकोणीस स्टँड,
आणि एक ढोल, ज्याचं कातडं मी दर शरदात बदलतो.
तेवढ्यासाठी येतो आणि वसंतापर्यंत राहतो.

पहिले दोन महिने बाई वाद्यांना हात लावू देत नाहीत.
बाकावरून एकेकाने उडी मारायची,
बाकीच्यांनी पाय टेकताना टाळी द्यायची.
मोजायचं नाही. बघायचं.
जाडा रेनार्स धपकन पडतो,
मादारा पिसासारखी, अंमळ उशिरा.
टाळी मात्र दोघांनाही अचूक मिळायला हवी.
पालकांची तक्रार आली, मुलांचे बूट झिजतात.

या हिवाळ्यात बाईंचा उजवा हात
खांद्यापर्यंत जात नाही.
छातीशी येतो, थरथरतो,
आणि तिथूनच परततो.
काल वाल्ट्झ चालू होता.
सव्वीसच्या सव्वीस मुलांनी
हात परतला त्या क्षणी सम गाठली,
एक केस आधी.

बाईंनी थांबवलं.
"घाई कोण करतंय?"

कुणी बोललं नाही.
मादाराने गजाला राळ लावायला घेतली.
रेनार्सने ट्रम्पेटमधलं पाणी जमिनीवर ओतलं,
खरं तर त्यात पाणी नव्हतंच.

बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं.
मी मान खाली घातली. मी मोजत होतो.
एकशे सोळा.
एकशे सतरा.