मापवही

पुढच्या पानापासून मापं, मागच्या पानापासून पुस्तकं.
एकच वही, शहापूरच्या खडेबाजारात,
माझ्या मशीनच्या खणात, बॉबिनांच्या डब्याशेजारी.

पुढून: हलगेकर वहिनी. छाती अडतीस, बाही साडेदहा,
पाठीला गळा खोल, पण सासूच्या नजरेला येऊ नये एवढाच.
मागून: लाल पाठीचं, जाड. नाव दिसलं नाही.
खानापूरच्या बसमध्ये पुढच्या सीटवरची मुलगी वाचत होती,
देसूरला तिनं पान उलटलं आणि हसली.
कशाला हसली, ते बघायचं आहे.

निम्म्या यादीला नावंच नाहीत.
बुटक्या न्हाव्याचं, भाग दुसरा.
ज्यात विहीर विकतात ते.
अनगोळच्या मास्तरांनी रद्दीत घातलं, दुसऱ्या दिवशी
धावत येऊन परत नेलं, ते.
वाचनालयातले बिर्जे काका चष्मा कपाळावर चढवतात,
नावाशिवाय काय शोधू गं बाई, म्हणतात,
आणि शोधतात. चार सापडली तशी.
चार आणायला गेले की सहा लिहून येते मी,
कारण प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर
त्याची भावंडं ओळीनं उभी असतात.

थोरला भरमा फोनवर हिशेब करून सांगतोय:
आई, तीनशे एकोणीस पुस्तकं, महिन्याला दीड,
सतरा वर्षं नऊ महिने.
तेही तू आजपासून लिहायची थांबलीस तर.

हिरेमठ टीचर कन्नड शाळेतून रिटायर झालेल्या.
हात वर करून उभ्या, मी टाचण्या लावतेय,
आणि त्या गोष्ट सांगतात, निम्मी त्यांच्यात, निम्मी आमच्यात.
पहिल्या ट्रायलला भाऊ बैल घेऊन नदीत उतरला.
दुसऱ्या ट्रायलला बैल एकटाच परत आला.
मग?
"मुंदे पुस्तकात हाय. वाच की."
आणि माझ्या वहीत त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं.
यादीतलं पहिलं पुरतं नाव,
आणि तेच मला वाचता येईना.

चाळीस वर्षं त्या भाषेत मी मेथीचा भाव पाडलाय,
गिऱ्हाइकांशी भांडले, त्यांच्या लेकींच्या लग्नात जेवले.
पाट्यांवरून दगड उडालेले बघितलेत,
शटर अर्ध्यावर ओढून, आत मशीनखाली बसून.
पाटी मात्र कधी वाचली नव्हती.

मग बसच्या कपाळावरची गावं लावत बसले.
काजाच्या टाक्यासारखी अक्षरं, गोल जातात, आपल्यातच परत येतात.
ब ला खाली एक टाका घातला की भ.
खडूनं अस्तरावर गिरवायची, मग झटकायची.
दोन वर्षांत पान चाळीस.
बैल अजून गोठ्यातच आहे.

शिवताना आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडतात.
बाहेरून दिसत नाही. अंग भरलं, तर उसवून
वाढवता यावं म्हणून.
त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात.
भरमाला म्हटलं, हे तुझं सतरा वर्षं नऊ महिने
कापड कमी पडलं असं नव्हे रे.
तो म्हणाला, बरं, जेवायला काय आहे?

वहीच्या मधल्या पिना म्हणजे हद्द, असं मी धरलं होतं.
काल बघते तर पुस्तकं पिना ओलांडून
मापांच्या अंगाला आलेली.
वर मुचंडीच्या पोरीचा फ्रॉक, उंची सत्तावीस.
खाली, उलटं: निळं, पातळ,
निपाणीच्या स्टँडवर दाढीवाला माणूस वाचत होता,
त्याची गाडी लागली, सुटली,
त्यानं मान वर केली नाही.

मधे एक रेघ कोरी आहे.
गुरुवारी टीचर येतात. बाही सैल करायची म्हणाल्या.
नवी वही आणेन मी, पण ती रेघ
त्यांच्यासाठी ठेवली आहे,
माप घालू की नाव,
ते त्या बैलाचं काय सांगतात त्यावर.