पाचवा रविवार

छावणीतल्या आमच्या चर्चमध्ये
महिन्यात पाच रविवार आले तरच मराठी उपासना.
एरवी हिंदी. हिंदीचं मला वावडं नाही,
सरकारी दवाखान्याच्या डोळे विभागात
चौतीस वर्षं हिंदीतच म्हणत आले,
ऊपर देखो, नीचे देखो, पलक मत झपकाओ.

बाबा शास्त्र विकायचे.
सायकलच्या कॅरिअरला पत्र्याची पेटी,
सांवेरचा हाट, हातोदचा हाट,
पाच पैशांचं पातळ शुभवर्तमान.
विकलं जायचं थोडं, वाचून व्हायचं फार.
दूधवाल्या गजानंदच्या मापाला पोचा दिसला
की दारातच आमोस काढायचे, पान न उघडता.
गजानंदला वाटायचं,
आमोस कुणी नगरपालिकेचा इन्स्पेक्टर असावा.
माप बदललं त्यानं.

आता पहाटे सहाला मोबाईलवर वचन येतं,
उगवत्या सूर्यावर छापलेलं.
वर्षभर तीच सात-आठ, आलटून पालटून.
मी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवते
आणि कूस बदलते.

गेल्या नाताळात प्रश्नमंजूषा घेतली.
माशाच्या पोटात कोण होता? पर्याय चार.
दोघांनी 'यांपैकी नाही'वर खूण केली.
पास्टरांच्या मुलानं बाकाखाली फोन काढला.
मी रागावले, घरी येऊनही रागावलेली होते,
आणि परवा हबक्कूक शोधायला
मलाच अनुक्रमणिका लागली.
दार आतून लावून शोधला.

आज वाचन केझियाकडे. साळव्यांची नात, नववीत.
हे नाव आधी कुणाच्या लेकीचं, तिला ठाऊक नाही,
ठेवणाऱ्यांनी ते नेटवरून घेतलं होतं.
लिपी तीच, त्यामुळे अडत नाही पोरगी,
फक्त ळ आला की घसरते.
आंधला. डोला. तलं.
चिखल बरोबर म्हणाली, चिखलात ळ नाही.
मागच्या बाकावर कुणी हसलं नाही,
मागच्या बाकावर कुणी नव्हतं.

थुंकी, माती, बोटानं लावलेला लेप,
जा, धुऊन ये.
तो गेला, धुतलं, दिसायला लागलं.
पत्रिकेत तेवढंच छापलेलं, तिथं वाचन संपलं.

मग व्हरांड्यात चहा. बशीत खारी.
ती कप घेऊन माझ्याजवळ आली.
"काकू, मतलब, दुसऱ्या दिवसापासून
तो काय काम करणार?
भीक तर आता कोण देईल त्याला?"

साठ वर्षं ही गोष्ट माझ्या कानावर आहे.
मला नाही पडला हा प्रश्न.
मला, जिनं हजारो पट्ट्या सोडल्या.
देपालपूरकडचा एक म्हातारा, पट्टी काढल्यावर
आधी स्वतःची नखं बघत बसला,
मग बायकोकडे पाहिलं,
मग परत नखं.

"ते लिहिलेलं नाही," मी म्हटलं.
"लिहिलंय ते निराळंच. चौकशी लागली त्याची.
आईबाप भ्याले, म्हणाले, मोठा आहे तो, त्यालाच विचारा.
शेवटी बाहेर काढलं त्याला."
"बरा झाला म्हणून?"
"म्हणून म्हणजे," मी म्हटलं, आणि
पुढचं मला नीट आठवेना.
तो काहीतरी बोलतो मध्येच, तिखट,
मोठमोठ्यांच्या तोंडावर,
बाबा तेवढंच उभं राहून वाचायचे.
काय बोलतो?

आत गेलो. कैलाश पंखे बंद करत होता.
शास्त्रावरची खोळ तिनंच काढली,
फीत मात्र आपली भलतीकडेच,
कोण जाणे कुठल्या वर्षापासून.
पान सापडायला आम्हाला वेळ लागला, दोघींनाही.

ती वाचायला लागली, उभ्यानंच, पत्रिकेच्या पुढचं.
पुन्हा आंधला. पुन्हा डोला.
जीभ उलटी वळव, टाळूला लाव,
असं सांगायला मी तोंड उघडलं,
पण ती दोन ओळी पुढे गेली होती
आणि तो माणूस आता बोलणार होता.

कैलाशनं एक पंखा
चालू ठेवला.