शिल्लक घोडा

गुरुवारी कळलं, झुळूक विकली.
विकली म्हणायचं नाही, पुण्याहून आलेली मुलगी म्हणाली,
विलीन झाली म्हणायचं.
एकवीस पार्कांच्या कंपनीत आमचं बाविसावं,
होटगी रोडच्या पुढं, डांबर संपून मुरूम लागतो तिथलं.
गुंडेटीशेठ सगळ्यांना पेढे वाटत होते
आणि स्वतः एकही खात नव्हते.

मी सतरा वर्षं इथला हिशेब लिहितो.
मला काम मिळालं मोजायचं.
प्रत्येक वस्तूला चिकटपट्टी, पट्टीवर आकडा,
आकड्यापुढं खरेदीचं साल, घसारा, आजची किंमत.

लाटांचा पंप, एक.
शहरात नळाला पाणी पाचव्या दिवशी,
आमच्याकडं लाट दर वीस मिनिटांनी,
टँकरवाल्या इस्माईल नदाफच्या मेहेरबानीनं.
मेहेरबानी कुठल्या रकान्यात टाकू?
'इतर'मध्ये टाकली.

टॉवेल, तीनशे चाळीस.
गौराबाई चिट्यालांच्या मागावरचे,
रुंदीला चार बोटं जास्त,
भिजलेलं लेकरू सगळं मावावं म्हणून.
आता खरेदी केंद्रातून होणार.
टॉवेल बाहेरून येणार. सोलापुरात!
गौराबाई फोनवर बराच वेळ हसल्या,
मग म्हणाल्या, मागचं बिल तेवढं काढून ठेवा की ओ.

तिकिटाचा दर रोज वेगळा,
ऊन चढलं की चढणार, ढग आला की उतरणार.
खिडकीतली महानंदा म्हणाली, मग पाटी कितींदा रंगवू?
पाटीच जाणार, मी म्हणालो.
तिनं ब्रश धुऊन उन्हात ठेवला,
दोन मिनिटांत वाळला.

घोडे राहिले होते.
वहीत अकरा.
चक्रीवर बारा.
खडूनं खुणा करून पुन्हा मोजले. बाराच.
मल्लेशम मेस्त्री खाली ग्रीस लावत पडला होता,
म्हणाला, मोजा की निवांत,
घोडं काय पळून जातंय का बे!

अकरा फायबरचे, एका साच्यातले, एकसारखे हसणारे.
बारावा लाकडी. निळा. उजवा कान नाही.
शेठच्या वडलांचा, मल्लेशम म्हणाला,
गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर
हातानं चक्री फिरवायचे, तेव्हाचा.
पत्र्याच्या शेडमध्ये पडून होता,
एक दांडा रिकामा दिसला, बसवला.

बिल नाही. साल नाही.
खरेदी नाही म्हणून घसारा नाही,
घसारा नाही म्हणजे तो झिजलाच नाही.
हिशेबानं बघितलं
तर हा घोडा अजून आलाच नाही,
आणि पोरं सतरा वर्षं
ह्याच्यावरच बसायला भांडतात.

पुण्याच्या मुलीला फोन लावला.
मॅडम, तूट नाही, शिल्लक निघते.
कसली?
एका घोड्याची.
ती जरा वेळ गप्प.
मागं कुणीतरी भराभर आकडे वाचत होतं.
मग म्हणाली, काका, आवाज तुटतोय तुमचा,
अकराच ना? अकरा लिहा.
माझ्या मोबाईलला रेंज पूर्ण होती.

अकरा लिहिले.

रात्री शेठ एकटेच आले, टेम्पो स्वतः चालवत.
मल्लेशमनं नट सोडले,
शेवटचा सोडेना, त्याला रॉकेल पाजावं लागलं.
आम्ही तिघांनी घोडा उतरवला.
वजन अंदाजापेक्षा कमी निघालं,
आतून पोकळ असावा, किंवा खाल्लेला.
शेठनी त्या नसलेल्या कानाच्या जागी
अंगठा फिरवला, एकदाच,
आणि म्हणाले, चला, उशीर झाला.
कुठं नेला, मी विचारलं नाही.
विचारलं असतं तर लिहावं लागलं असतं.

सकाळी रिकाम्या दांड्याला पट्टी लावली, क्रमांक दोनशे चौदा.
वर्णन: लोखंडी दांडा, एक, वापरात नाही.
मग मागचं पान काढून
एक आकडा खोडला, शेजारी सही केली.
टॉवेल, तीनशे अडतीस.