पिवळ्या दगडावरची रेघ

काळ्या दगडावरची रेघ पुसली जात नाही म्हणतात.
आमचे दगड पिवळे होते.
दिवसाला सहा पुसायचो मी,
वाळू, पाणी, लोखंडी चकती,
गोलात गोल, गोलात गोल,
हाताला कळेपर्यंत की खाली आता कुणी नाही.

ज्याच्या रेघा पुसल्या तो ओटमार क्रेन्झलिन.
बव्हेरियातल्या खाणीच्या गावचा.
आजाने दगड फोडले, बापाने फोडले,
हा पहिलाच, दगडावर लिहायला बसलेला.
एकोणीस वर्षांचा रॉचेस्टरला उतरला
तर छापखान्याच्या दारात पेंढ्यात गुंडाळून
त्याच्या गावचे दगड त्याच्याआधी येऊन बसलेले.
एकावर हात फिरवून म्हणाला, हा वरच्या खाणीतला.
फोरमनने कोट काढायला सांगितलं.

सात वर्षं नुसती अक्षरं. उजवीकडून डावीकडे,
आरशातली.
बुटाचं पॉलिश. यकृताच्या गोळ्या.
कालव्यावरच्या बोटींची भाडेपत्रकं.
इंग्रजी तो आधी उलटं शिकला.
रस्त्यावरून पाटी वाचताना अडखळायचा,
दुकानात शिरून काचेवरची तीच पाटी आतून दिसली
की मग कळायचं, अरे, हा तर न्हावी.

मी बारा वर्षांचा लागलो तेव्हा तो फळांवर आला होता.
गावात रोपवाटिका शंभर,
त्यांचे फेरीवाले घोडागाडीतून हिंडायचे
आणि न लावलेल्या झाडांची फळं दाखवायचे, चित्रात.
एका पीचला नऊ दगड.
नऊही काळ्याच खडूने काढायचे,
पिवळा काळ्याने, गुलाबी काळ्याने,
रंग फक्त त्याच्या डोक्यात.
गालावरची लाली म्हणजे सातवा दगड,
ठिपके, ठिपके, मान मोडेपर्यंत ठिपके.
संध्याकाळी वाल्बुर्गा डबा न्यायला यायची
आणि त्याची मान चोळत उभी राहायची,
सगळ्यांदेखत, लाज नाही.

एका सप्टेंबरात सरोवराकाठच्या शेतावरून
टेम्परन्स ओव्हिआट नावाची बाई आली.
एका हातात चित्र, एका हातात पीच.
चार वर्षं वाट पाहिली म्हणाली, आणि हे आलं.
मालक आतल्या खोलीतून बाहेर आलाच नाही.
क्रेन्झलिनने तिचं फळ घेतलं,
उजेडाला ठेवलं,
आणि जेवणाच्या सुट्टीत, नव्या दगडावर,
होतं तसं काढलं.
बुटकं, एका अंगाने दबलेलं, देठाजवळ अळीचं भोक.
बाई बघत राहिली. म्हणाली, हो. हेच.
फळ तिथेच ठेवून गेली.

फेलिम, मालक म्हणाला, घास तो.
घासला.
त्या दिवशी माझी चकती हलकी पडली असेल,
मी बारकाईने पाहिलं नाही.

मग जस्ताचे पत्रे आले, फोटो आले,
लालीला आता मान मोडावी लागेना.
क्याण्णव साली त्याला निरोप दिला,
सोबत एक दगड, छापायला निकामी,
पोटात बोटाएवढा मासा, काट्यासकट, हजारो वर्षांचा.
तो त्याने पायरीला लावला.
छापलेलं फळ एकही घरी नव्हतं.
कुठल्या चित्राच्या कोपऱ्यात नाव नव्हतं,
नाव कंपनीचं.
सत्त्याण्णवच्या थंडीत वारला.

दगड मात्र झिजत, पातळ होत राहिले.
अर्धवट घासलेल्या दगडाला जुनं आठवतं,
तेल आत मुरलेलं असतं.
त्याच्यानंतर दोन वर्षांनी साबणाचं वेष्टन छापत होतो,
मधली जागा कोरी, पांढरी,
शुद्धता दाखवायला.
चार हजार गेल्यावर कुणाच्यातरी लक्षात आलं,
पांढऱ्यात काहीतरी उठलंय,
फिकट, बुटकं,
एका अंगाने दबलेलं.

घासायला विसरलास का रे, मालक ओरडला.
मी भिंग घेऊन वाकलो.
देठाजवळचं भोकसुद्धा होतं.

चार हजार वड्या बफेलोला पोचल्या.
साबण कुणी परत केला नाही.