फाटकाच्या आतलं काम

पालिकेची नवी लाइन गल्लीतून गेली,
नऊ इंची, काळी, गुळगुळीत.
फाटकाबाहेरचं त्यांचं, आतलं ज्याचं त्याचं,
अशी नोटीस दारोदार.
म्हणून मला बोलावतात:
दगू गांगुर्डे, मिस्त्री, पवननगर, सिडको.
पहार, घमेलं, आणि मोटारसायकलला
आडवा बांधलेला दहा फुटी पाईप.

घर दाखवताना लोक हॉलपासून सुरू करतात.
मी म्हणतो, मागून चला.
मोरी कुठे उतरते, तेवढं सांगा.
ते कुणालाच माहीत नसतं.
तीस वर्षं हात धुतलेले,
पाणी कुठे गेलं, विचारलेलं नाही.

इथे फरशी उचकटली की वीतभर मुरूम,
मग पाषाण. काळा, बहिरा.
पहार आपटली की खांद्यापर्यंत झिणझिण्या.
जुने चिनीमातीचे पाईप निघतात,
चॉकलेटी, अजून चकचकीत.
पाईप सहसा फुटत नाही.
सांधा सुटतो, आणि तिथून
शेजारच्या शेवग्याचं मूळ आत येतं,
केसासारखं येतं, दोरखंड होतं.

आत काय काय सापडतं, ते मी सांगत नाही.
एकदा एक जोडवं मिळालं.
घरात दोन सुना.
मोरीच्या काठावर ठेवलं आणि पाठ केली.
संध्याकाळी तिथे नव्हतं.

माझा बाप चेंबरात उतरायचा,
कमरेला दोर, दोराचं टोक माझ्या काकाच्या हातात.
मी उतरत नाही, पोरांना उतरवत नाही.
गाडी मागवा, नाहीतर दुसरा मिस्त्री बघा.
लोक म्हणतात, अहो एवढंसं तर आहे, पाच फूट.
तेव्हाही पाचच फूट होतं.

आता हे कोठावदे आणि खैरनार.
मधे एक भिंत, आणि त्या भिंतीवरून
सात वर्षांचा अबोला. चार इंचांवरून म्हणे.
खणलं तर खैरनारांच्या स्वयंपाकघराचं पाणी
पहिल्या दिवसापासून कोठावदेंच्या अंगणाखालून जातंय.
भाताची शितं, भांड्यांची राख, सगळं.
काकांनी खड्ड्यात बराच वेळ पाहिलं.
मला म्हणाले, चहा घेणार का?

उतार काढायचा होता, शंभराला एक.
सोपान पोराच्या ॲडमिशनला गेलेला.
लेव्हलची नळी धरायला दोन माणसं लागतात.
एक टोक काकांना दिलं,
दुसरं भिंतीवरून खैरनारबाईंना.
अंगठा काढा म्हटलं, दोघांना.
माझ्या हातात फक्त पेन्सिल.

पाणी आधी येडबडलं,
इकडे चढलं, तिकडे उतरलं.
"थांबलं का?" बाईंनी विचारलं. मला.
मला ते टोक दिसत नव्हतं. मी गप्प.
"नाही अजून," काका.
"आता?"
"थोडं वर घ्या. तुमच्याकडचं."
"घेतलं."
"हं. थांबलं."
"माझंही."

मी दोन्हीकडे रेघ मारली.
त्यानंतर त्यांचं भांडणच झालं,
चेंबरचे पैसे निम्मे की तीनास एक.
निम्मे ठरले. माझे अकराशे अजून यायचेत.

शेवटी बाईंच्या सिंकमध्ये
बादलीभर पाण्यात नीळ कालवून सोडली.
आम्ही उघड्या चेंबरवर वाकलेलो,
काका बनियनवर, चष्मा धरून.
आधी नुसता आवाज आला.
मग निळं पाणी वळणावरून
शहाण्यासारखं आलं आणि गेलं.
"पुढे कुठे जातं हे?" काकांनी विचारलं.
तपोवनाकडे, म्हणतात. मोठ्या टाक्या आहेत.
मी तिथवर गेलेलो नाही.
माझं काम फाटकापर्यंत.

झाकण बसवलं. कडेने सिमेंट ओढलं.
चोवीस तास कुणी पाय देऊ नका, म्हटलं.
भिंतीवर खैरनारांचं मांजर बसलेलं.
ते देणारच.