मंगळवारची पकड

शाळा बंद पडली त्या साली
तिथल्या ज्यूदोच्या चटया आम्ही टेम्पोत घालून आणल्या
आणि काजियाबाईंच्या माडीवर अंथरल्या.
तिथे पूर्वी रेशमाचे किडे पाला खायचे.
दमट दिवसांत तुतीचा वास अजून येतो,
पालथं पडल्यावर जास्तच.

गावात ऐकिदो शिकणारे आम्ही पाच:
पोस्टमन, नूडलवाल्यांचा धाकटा, दवाखान्यातली नर्स, मी,
आणि हिराकुरा.
पाचांत जोडीदार निवडायची चैन नसते.

हिराकुराचं भातखाचर माझ्या वरच्या अंगाला.
अकरा वर्षांपूर्वी, कोरड्या उन्हाळ्यात,
माझ्या पाळीच्या रात्री त्याने पाटात फळी टाकली.
मी बॅटरी घेऊन वर गेले
आणि त्याच्या मेलेल्या आईवरून काही बोलले.
तेव्हापासून दुकानात समोरासमोर आलो
तरी दोघंही मिठाच्या पुड्या बघतो.

पण मंगळवारी सात वाजता
तो समोर गुडघे टेकतो, वाकतो.
मीही वाकते.
कृपा असावी, म्हणतो आम्ही,
तोंडदेखलं, पण म्हणतो.
मग तो माझं मनगट धरतो.

अंगठ्याजवळची भेग, कुदळीचा घट्टा,
रॉकेलच्या स्टोव्हचा वास.
नवऱ्याचा हातही मला इतका पाठ नाही.

काजियाबाई शहात्तरच्या, खुबा बदललेला,
स्टुलावर थर्मास घेऊन बसतात.
‘जोर लावलास की त्यालाही जोर येतो.
तो निघालाय तिकडेच जा की,
चार बोटं पुढे.’
तीन वर्षं मी जोरच लावला.
खोटं कशाला सांगू,
त्याला आपटताना बरं वाटायचं.
त्यालाही वाटत असणार,
माझी पाठ साक्षीला आहे.

या हिवाळ्यात त्याची पकड सैल लागली.
आधी वाटलं, सौजन्य.
मग कळलं, करंगळी मिटत नाहीये.
पकड तर करंगळीपासून सुरू होते.
मी आपणहून पडले, वेळेआधी.
बाईंनी काठी आपटली:
‘कोणी पाडलं तुला?’
कोणीच बोललं नाही.
उसनं आणलेलं खुरपं बघावं
तसा तो स्वतःच्या हाताकडे बघत उभा.

पुढचे दोन मंगळवार आला नाही.
नर्सला माहीत होतं. तिने सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

एप्रिलच्या शेवटी पाटाला पाणी सोडलं.
पहाटे चारला मी वर गेले.
बॅटरी ती नव्हे, ती कधीच गेली.
तो होता तिथे, ओणवा,
देवदाराची फळी पाण्याने फुगून खाचेत अडकलेली
आणि तिच्यावर त्याचा एकच हात.

मी दुसरं टोक धरलं. ओढलं.
‘ओढू नका,’ तो म्हणाला,
अकरा वर्षांत पहिल्यांदा,
‘आधी हलवा. सैल होऊ द्या.’

हलवली.
बाह्या कोपरापर्यंत भिजल्या.
फळी सुटली
आणि पाणी त्याच्या खाचरात गेलं.
पाळी त्याचीच होती.